अनुभव धागा: परदेशी राहून गोतावळा कसा सांभाळता?

डिसेंबरची तिकिटं काढली की आमच्याकडे यादी सुरू होते. कोणाकडे जेवायला, कोणाकडे नुसतं चहाला, आणि पार्ल्याला जाऊन गोरेगावला न गेल्याचं कोणाच्या कानावर जाणार. मुंबईची माणसं जगभर पांगलीत, तेव्हा तुमचे अनुभव लिहा. तिकडे जाऊन भेटण्याचे, इकडे नातेवाईक येण्याचे, परक्या गावात जमलेल्या मित्रमंडळींचेही चालतील. "वेळच मिळत नाही" हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

न्यू जर्सी, मूळ गिरगाव

आमचं गणित शाळांमुळे फिसकटतं. इथे शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात, तर मुंबईत जूनच्या मध्याला भरतात. म्हणजे माझी मुलं सुट्टी घेऊन पोचतात तेव्हा त्यांची मामेभावंडं रेनकोट चढवून शाळेत. संध्याकाळी क्लास. मग आमची दिवसभर आजीशी पत्ते खेळत बसतात (आजी पत्त्यांत लबाडी करते, हे ज्ञान त्यांना तिथेच झालं). त्यात लगेच चातुर्मास, त्यामुळे घरातली बहुतेक लग्नं तुळशीच्या लग्नानंतर, आणि आम्ही ती फोनच्या पडद्यावर बघणार. माझ्या मावसबहिणीनं मात्र आमच्यासाठी मुहूर्त नाताळच्या सुट्टीत धरला. तिकिटांचे भाव बघून नवऱ्याचा चेहरा उतरला, पण त्या मांडवात एका दुपारात जेवढी माणसं भेटली तेवढी एरवी महिनाभर लोकलनं फिरूनही भेटली नसती.

तरी सगळ्यात चांगला वेळ लग्नात गेला नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मावशीकडे वाल सोलायला बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये परात, सालं बोटांना चिकटतायत, आणि मावशी मान वर न करता बोलतेय. आजोबांची गिरणीतली नोकरी कशी गेली, घरात किती दिवस कोणाला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सोफ्यावर बसवून हातात सरबताचा ग्लास दिला की नातेवाईक फक्त "तिकडे थंडी किती असते" एवढंच विचारतात. हातांना काम असलं की माणसं मोकळी होतात, हे माझं मत. आता कोणाकडे गेले की आधी स्वयंपाकघरात शिरते.

लंडन, मूळ ठाणे

आमचा सगळा कारभार फोनवर. आई दिवेलागणीनंतर सातला मोकळी होते. तेव्हा इथे उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात आणि हिवाळ्यात दीड. वर्षातून दोनदा घड्याळं फिरली की ती वैतागते, "तुमच्या सरकारला दुसरा उद्योग नाही का?" इथली म्हणाल तर १९३२ साली सुरू झालेलं महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत तिथे भेटलेली दोन कुटुंबं आता घरचीच झालीत. बाळंतपणात रात्री दोनला कोणाला उठवायचं, याचं उत्तर त्यांच्यामुळे आहे.

दुबई, मूळ चेंबूर

आमचं दुखणं उलटं. विमानानं तीन तास, घड्याळात दीड तासाचा फरक, त्यामुळे "तू काय, शेजारीच!" अमेरिकेतला चुलतभाऊ आला की सगळे गोळा होतात, बासुंदी होते. मी आलो की "बरं झालं आलास, जरा गॅसवाल्याला फोन लाव." साखरपुड्यापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे हजेरी गृहीत. पूर्वी इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, तिकडचा रविवार म्हणजे माझा कामाचा दिवस. २०२२ पासून शनिवार-रविवार झाला आणि रविवारच्या मटणाला पोचता येतं. तक्रार करतोय खरा, पण गॅसवाल्याला फोन लावायला सांगतात तो घरचाच, हेही कळतं. बासुंदी मिळाली तर नाही म्हणणार नाही.

मुलुंड, अधूनमधून एडिसन (न्यू जर्सी)

मी आजी आहे, मुलाकडे जाते. विमानतळावर सहसा सहा महिने राहायची परवानगी मिळते, त्यातले पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. मग मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि गाडी चालवता येत नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नाही. सकाळी फिरायला आमच्यासारख्या बऱ्याच जणी येतात. गुजराती, तेलुगू, एक आपली कोल्हापूरची. नमस्कारापासून गुडघ्यांपर्यंत पोचायला दोन दिवस पुरतात.

एक गंमत सांगते. माझी भाची भांडुपला राहायची, म्हणजे दोनच स्टेशनं ना! भेट वर्षातून एकदा, हळदीकुंकवाला, तीही दारातच. आता ती बोस्टनला असते. पाच तास गाडी हाणून येते, दोन रात्री राहते, आम्ही उशिरापर्यंत गप्पा मारतो. माझी मोठी बहीण, म्हणजे तिची आई, हे ऐकून मुंबईहून विचारते, "इथे असताना काय झालं होतं?"

सिंगापूर, मूळ दादर

मित्रांबाबत बोलतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटू म्हटलं की एक ठाण्याहून निघणार, एक वसईहून, आणि तासाभरात दोघांना घरून फोन. आता भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोनं मांडवा गाठतो. २०२० साली ही सोय झाली. तासाभरात पलीकडे, आणि शेवटची बोट चुकवली की कोणाला लगेच घरी पळता येत नाही. कधीकधी ती मुद्दाम चुकवतो.

बदलापूर (इथेच असते)

सगळ्यांचं वाचलं, आता यजमानांचंही ऐका. तुम्ही सुट्टीवर असता, आम्ही नसतो. "आम्ही मंगळवारी येतो, सगळ्यांना बोलाव" असा निरोप आला की मला रजा टाकावी लागते, सासूबाईंची फिजिओथेरपी पुढे ढकलावी लागते. वर आल्या आल्या "निघायला हवं, अजून कल्याणला जायचंय". पंधरा मिनिटं टेकायची, ओटीचा नारळ बॅगेत मावत नाही म्हणून परत द्यायचा, आणि फोटो मात्र आठ काढायचे. राग नाही हो, पण एवढ्यासाठी मी पुरणपोळ्या करायच्या का? वाल सोलणाऱ्या बाईंचं मला पटलं. माझ्याकडे कोथिंबीर निवडायला नेहमीच असते. एकच सांगते, रविवारी येऊ नका, मेगाब्लॉक असतो. शनिवारी या, राहायच्या तयारीनं.