ड्राफ्ट्समनचा प्रॉडक्ट डिझायनर व्हायचंय, २९ व्या वर्षी एम.डेस. करू का?

आर्वीकर_मेक:
नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, मेकॅनिकल बी.ई., सहा वर्षांपासून बुटीबोरी एमआयडीसीत कॅडवर ड्रॉइंग काढतो. दुसऱ्यानं ठरवलेल्या पार्टची मापं टाकायची, तो पार्ट तसाच काहून हे विचारायची सोय नाही. मले वस्तू मुळापासून डिझाइन करायची आहे. घरी आईबाबा, आठ एकर कपाशी. पगार सोडून दोन वर्षं एम.डेस., म्हणजे डिझाइनची मास्टर डिग्री, शिकायला जाऊ, का नोकरीत राहूनच पोर्टफोलिओ बनवू? जे या रस्त्यानं गेले त्यांनी खरं काय ते सांगा.

सीडवाला:
भाऊ, वयाचं टेन्शन घेऊ नको, सीडले, म्हणजे एम.डेस.च्या प्रवेश परीक्षेले, वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. जानेवारीत असते. पार्ट ए कॉम्प्युटरवर अन् पार्ट बी मध्ये कागदावर चित्र काढा लागते, आपले मेकॅनिकलवाले तिथंच अडकतात, कारण स्केलपट्टीशिवाय हात चालत नाही. रोज रात्री घरातली एक वस्तू काढ, अडकित्ता, मिक्सर, काहीही, माणूस ती हातात कशी धरते ते काढ. मी तिसऱ्या वेळी निघालो.

पुण्यातला_वैदर्भीय:
मी १४ वर्षं प्रॉडक्ट डिझाइनच करतोय. सुरुवातीला फोम कापून मॉडेल करायचो, मग सॉलिडवर्क्स हे कॅडचं सॉफ्टवेअर, मग मोल्डवाल्याकडे बसून शिकलो की ड्राफ्ट अँगल, म्हणजे पार्टच्या भिंतींना थोडा उतार, नसला तर पार्ट साच्यातून निघत नाही. आता निम्मा वेळ लोकं वस्तू कशी वापरतात ते पाहण्यात जातो, अन् वस्तूला स्क्रीन असली तर तीही आमच्याकडेच येते. पुढं दोन फाटे फुटतात, टीम सांभाळा नाहीतर हातानं काम करत राहा. मी टीम घेतली अन् स्केचबुक सुटलं, ती हळहळ अजून आहे.
तुझी सहा वर्षं वाया नाहीत, कॉलेजातून निघालेल्या पोरांना शीटमेटल माहीत नसतं. पोर्टफोलिओत नुसते चकाचक रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, नको टाकू, फसलेले मॉडेल टाक अन् का फसले ते लिही, मुलाखतीत मी तेच पाहतो. आणि वर्ध्याला मगन संग्रहालयात जाऊन ये, गांधीजींनी १९३८ ला उघडलेलं. तिथले चरखे नीट पाहा, काम एकच, सूत काढायचं, अन् रूपं किती.

कपाशीवाली_यवतमाळ:
दादा, डिझाइनचं मले काही समजत नाही, पण फवारणीचा पंप पाहा. सोळा लिटर भरलं की पट्टा खांद्यात रुतते, झाकणातून औषध पाठीवर गळते, नोझल चोंदलं की माणूस तोंडानं फुकते. २०१७ ले आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, सगळ्यायले माहीत आहे. तुमच्या घरी पंप असनच. त्याच्यावर काम करा ना.

आर्वीकर_मेक:
ताई, आहे. बाबा तोंडानंच फुकतात, लहानपणापासून पाहतो, पण हे आपलं काम आहे असं कधी वाटलंच नाही. रविवारी पंप खोलतो, आधी झाकण. औषधानं फुगणार नाही असं वायसर कोणत्या रबराचं घ्यावं, कोणाले माहीत असेल तर सांगा.