वेल्श भाषेतील ‘दॉसबार्थ’साठी नेमका मराठी शब्द कोणता? मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही वेल्समधल्या कार्डिफ शहरात राहतो आणि माझी मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकते. इथल्या मराठी पालकांसाठी मी शाळेतल्या शब्दांची एक यादी करत आहे. मुलीच्या शाळेतल्या खोलीच्या दारावर ‘दॉसबार्थ’ अशी पाटी आहे (शेवटचा ‘थ’ जिभेचे टोक दातांना लावून, ‘थिंक’मधल्यासारखा), त्यापुढे ‘वर्ग’ असे लिहून मी मोकळी झाले होते. परंतु गेल्या आठवड्यात दारात पडलेल्या पार्सलच्या चिठ्ठीवर याच शब्दाचे क्रियापद, ‘दॉसबार्थी’, घरपोच देणे या अर्थाने दिसले आणि मी अडखळले.

शब्दाचा गाभा ‘पार्थ’ हा आहे. त्याचा अर्जुनाशी काही संबंध नाही. भाग या अर्थाच्या ‘पार्स’, ‘पार्तिस’ या लॅटिन शब्दावरून तो आला आणि लॅटिन ‘पोर्ता’चे जसे ‘पोर्थ’ झाले, तसाच त्यातल्या ‘र’पुढच्या ‘त’चा ‘थ’ झाला. आज ‘पार्थ’ म्हणजे प्रदेश, क्षेत्र. त्याला ‘दॉस’ हा उपसर्ग लागून ‘प’चा ‘ब’ झाला. या शब्दात शाळेचा वर्ग येतो, कामगारवर्ग-मध्यमवर्ग यांतला वर्ग येतो आणि प्रशासकीय विभागही येतो. 1974 ते 1996 या काळात वेल्समध्ये ज्या 37 जिल्हा परिषदा होत्या, त्यांच्यासाठीच्या वेल्श संज्ञेतला ‘जिल्हा’ म्हणजे हाच शब्द. क्रियापदाला मात्र वर्गवारी करणे आणि वाटप करणे असे दोन्ही अर्थ आहेत, आणि मला ते फार सुंदर वाटते, कारण वाटायचे तर आधी वाटे पाडावे लागतात.

आपल्याकडे ‘भाग’वरून ‘विभाग’ झाला, ती घडण याच्या सर्वांत जवळची आहे, पण शाळेच्या वर्गाला आपण विभाग म्हणत नाही. ‘वर्ग’ घ्यावा तर बँकेत रक्कम ‘वर्ग करतात’, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकतात. तिथे देण्याघेण्याची छटा आहे, पण घरोघर पोचवण्याची नाही. जुन्या लिखाणात ‘विल्हेवारी’ हा शब्द वर्गवारीसाठी येतो आणि त्याच घरातली ‘विल्हेवाट’ आज भलत्याच अर्थाने उरली आहे.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. रक्कम ‘वर्ग करणे’ हा प्रयोग जुन्या जमाखर्चाच्या वह्यांमध्ये कोणी पाहिला आहे का, आणि असल्यास तिथे त्याचा अर्थ नेमका काय होतो? आणि वर्ग, विभाग व वाटप या तिन्ही अर्थांना पुरेल असा एखादा बोलीतला शब्द आपल्या गावाकडे आहे का? असल्यास कृपया एका वाक्यात वापरून दाखवावा, म्हणजे तो मला यादीत तसाच घेता येईल.