संमती, सहमती की परवानगी?

प्रश्न : एका संकेतस्थळाच्या गोपनीयता धोरणाचं मराठी तपासते आहे. ‘कन्सेंट’ला तीन ठिकाणी तीन शब्द आलेत. जाहिरातींच्या कुकीजसाठी (म्हणजे संकेतस्थळं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या फायलींसाठी) विचारणाऱ्या चौकटीत तर ‘मी सहमत आहे’ असं बटण आहे. कोणता शब्द ठेवू? आणि ‘ट्रॅकिंग’ला काय म्हणावं?

— परवानगी. सगळ्यांना कळतो. फोन कॅमेऱ्यासाठी परवानगीच तर मागतो.

— कॅमेऱ्यापुरती परवानगी ठीक, कायद्याच्या मजकुरात संमतीच हवी. सहमती मात्र काढाच. ती दोघांत ‘होते’. इथे वाचणाऱ्याचं मत कोण विचारतंय? त्याच्या माहितीला हात लावू का, एवढंच विचारलंय. गंमत म्हणजे सम् + मती म्हणजेही मतं जुळणंच, पण वापराने दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. संमती देता येते आणि मागेही घेता येते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं (लागू २५ मे २०१८) कलम ७ सांगतं, की मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं.

— पण ‘मौनं संमतिलक्षणम्’चं काय? चौकटीकडे दुर्लक्ष करून पुढे वाचत राहिलो, तर झाली का संमती?

— छान पकडलंत! कायद्याने नेमकं हेच मोडीत काढलंय. जीडीपीआरच्या प्रस्तावनेतला ३२वा परिच्छेद म्हणतो की गप्प राहणं, आधीच टिक केलेली चौकट किंवा काहीच न करणं, यातली कुठलीच गोष्ट संमती नव्हे. प्लॅनेट४९ या कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी कुकीजबद्दल तोच निकाल दिला. म्हणजे शब्द जुना ठेवायचा, पण ते सुभाषित इथे लागू नाही.

त्याच कायद्यातल्या ‘फ्रीली गिव्हन’ला ‘मुक्तपणे दिलेली’ लिहू नका. जुन्या दस्तऐवजांतलं ‘राजीखुशीने’ चपखल बसतं. ‘कुकीज घ्या, नाहीतर पैसे भरा’ या पेचात ही राजीखुशी उरते का? मोठ्या प्लॅटफॉर्मनी एवढे दोनच पर्याय दिले तर बहुतेक वेळा ती संमती वैध ठरणार नाही, असं युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये मत दिलं. मला ते पटतं. जाहिरातींवर चालणाऱ्यांना अर्थातच पटत नाही.

— ट्रॅकिंगला ‘मागोवा’ सर्रास दिसतो.

— मागोवा घडून गेलेल्या गोष्टींचा घेतात, वर्षभराच्या घडामोडींचा वगैरे. इथे एका साइटवरून दुसरीवर जाताना कुणीतरी आपल्या मागावर असतं. ‘माग ठेवणे’ बरं. ‘पाळत’ अधिक खरं वाटतं, पण कुठली कंपनी स्वतःच्या धोरणात तो शब्द छापेल?

प्रश्नकर्ती : म्हणजे बटणावर ‘मी संमती देतो’?

— मग तुम्ही काय दाबणार? ‘देतो/देते’चा घोळ नको. ‘संमती आहे’ आणि ‘संमती नाही’. दोन्ही बटणं शेजारी, एकाच आकाराची.