सल्ला हवा: 'क्वांटम ऑफ सोलेस' बघावा की गाळावा?

कृष्णाकाठ:
मागच्या शनिवारी बाबांना 'कॅसिनो रोयाल' दाखवला. बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कॉलेजात असताना रॉजर मूरचे बाँडपट टॉकीजमध्ये बघितलेत, डॅनिएल क्रेग मात्र पहिल्यांदाच. बाँडची प्रेयसी वेस्पर बुडाली तेव्हा एकदम गप्प झाले. झोपायला जाताना दोनदा विचारलं, "पुढं काय झालं रे?"
पुढचा म्हणजे 'क्वांटम' (२००८). तेव्हा थेटरात पाहून माझा फार हिरमोड झाला होता. तोच लावू की थेट त्याच्या पुढचा 'स्कायफॉल'? अटी दोनच: भाडं १५० रुपयांच्या आत, नवीन वर्गणी नको. आणि दोन तासांत संपायला हवा, बाबांची कंबर त्याहून जास्त बसू देत नाही.

पहिली_रांग:
गाळा. स्कायफॉल लावा. मी पहिल्या दिवशीचा पहिला शो बघितला होता, नंतर आणखी चार वेळा. शांघायच्या काचेच्या इमारतीतली ती मारामारी, मागं जाहिरातीचा निळा उजेड आणि पुढं फक्त दोन काळ्या आकृत्या! रॉजर डीकिन्सचा कॅमेरा आहे. क्वांटममध्ये असं एकही दृश्य नाही.

रविवार_दुपार:
+१ स्कायफॉल. पण टीव्हीच्या स्पीकरवर नको. मी दिवाळीत १८ हजारांचा साउंडबार घेतला, भिंतीवरची फ्रेम हलते. वडिलांसाठी एवढं कराच.

कृष्णाकाठ:
अहो, बजेट १५० आहे. आणि स्कायफॉल १४३ मिनिटांचा आहे.

डबल_डेकर:
भाड्यानं कशाला, संचच घेऊन टाका, कायमचा होतो. फक्त परदेशातून आणू नका. मेव्हण्यानं लंडनहून डीव्हीडींचा संच आणला. तिकडच्या डिस्क २ नंबरच्या प्रदेशाच्या, आपल्याकडचा प्लेअर ५ नंबरचा. एकही लागली नाही. सहा वर्षं कपाटात पडून आहे, आणि मेव्हण्याला अजून सांगता आलेलं नाही.

जुनी_रिळं:
हिरमोडच म्हणाल तर 'स्पेक्टर' (२०१५). आपल्या सेन्सॉरनं चुंबनं निम्म्यावर आणली. तिकिटाचे पैसे पूर्ण घेतले आणि सिनेमा कापून दाखवला. मोठ्या माणसांनी काय बघावं हे दुसऱ्यानं ठरवायचं, याचा मला अजून राग येतो.

पहिली_रांग:
चुंबनं पूर्ण ठेवली असती तरी स्पेक्टर वाचला नसता. ज्यानं पोरक्या बाँडला सांभाळलं त्याचाच मुलगा खलनायक ब्लोफेल्ड निघतो, तिथंच सिनेमा बसला.

जुनी_रिळं:
तो मुद्दा वेगळा. मी सेन्सॉरबद्दल बोलतोय.

आजीचा_रेडिओ:
बाबा मूरवाले आहेत ना, मग 'ऑक्टोपसी' (१९८३) लावा! उदयपूरचा लेक पॅलेस, कबीर बेदी, विजय अमृतराज. १३१ मिनिटं आहे, मध्ये चहाला उठायचं.

टेबलावरची_कात्री:
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, म्हणून क्वांटमचं मला जास्त वाईट वाटतं. नोव्हेंबर २००७ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला आणि पटकथा अर्धवट हाती आली. शूटिंग चालू असताना प्रसंग आपण आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टरच लिहीत होतो, हे क्रेगनं नंतर स्वतः सांगितलंय. सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग इतका बारीक चिरलाय की कोण कुणाला धडकलं ते कळत नाही.
पण ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझला तळ्यावरच्या रंगमंचावर ऑपेरा चालू असतो, तो भाग नीट बघा. गोळीबार सुरू होतो आणि बंदुकांचा आवाज काढून फक्त गाणं ठेवलंय. मी तो तुकडा कितीदा तरी पाहिलाय.
तुमच्या अटीत हाच बसतो: १०६ मिनिटं, इऑन कंपनीनं काढलेल्या बाँडपटांत सगळ्यात छोटा. गोष्ट आधीच्या सिनेमानंतर तासाभरातच सुरू होते, म्हणून 'कॅसिनो रोयाल'ची शेवटची दहा मिनिटं आधी परत दाखवा. सबटायटल चालू ठेवा.

रविवार_दुपार:
मी तेच म्हणत होतो. स्कायफॉलच बघा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. काल रात्री क्वांटमच लावला, १२० रुपयांत. कात्रीताई, शेवटची दहा मिनिटं आधी दाखवली, फार उपयोग झाला.
पाठलागात बाबांनी दोनदा विचारलं, "आपली गाडी कुठली?" मित्र मॅथिसचं प्रेत बाँड कचऱ्याच्या पेटीत टाकतो, तिथं रिमोट मागून घेऊन थांबवलाच. "जिवाभावाच्या माणसाला असं टाकतात होय?" पाच मिनिटं पुढं जाऊ देईनात.
मग बोलिव्हियाच्या वाळवंटाखाली चोरून अडवलेलं पाणी आलं. मला थेटरात तेच सगळ्यात कंटाळवाणं वाटलं होतं. बाबा खुर्चीच्या कडेला आले. तीनदा मागं घेऊन बघितलं. "पाया कुठं घेतलाय? बाजूनं झिरपणार हे." गावातल्या टाकीचा नळ आटतो आणि बायका भांडी घेऊन उभ्या राहतात, तेव्हा म्हणाले, ७२ च्या दुष्काळात आपल्या विहिरीवर मी आणि दादा आळीपाळीनं रात्री राखणीला बसायचो. दादा म्हणजे माझे थोरले काका, गेल्या वर्षी गेले. ही राखणीची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.
साडेअकरापर्यंत जागे होते, कंबरेचं नावही काढलं नाही. खलनायक मात्र त्यांना पटला. "पाणी धरणारा माणूस असाच दिसतो, साधा."
पुढच्या शनिवारी स्कायफॉल, दोन रात्रींत मिळून.

पहिली_रांग:
दोन रात्रींत नको हो! निदान स्कॉटलंडचा भाग तरी सलग बघा.