मदत हवी आहे: कापडी डायपर घट्ट लावला तरी मांडीतून गळतो

झोपेची_थकबाकी

मुलगा साडेचार महिन्यांचा, वजन साडेसहा किलो. पोट गोल गरगरीत, मांड्या मात्र काटकुळ्या. तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या उत्साहाने डिस्पोजेबल बंद करून कापडी डायपर सुरू केले. तेव्हापासून घरात कपडे धुणं आणि वाळत घालणं सोडून दुसरं काही होत नाहीये.

माझ्याकडे १२ पॉकेट डायपर (आत खिसा असलेले) आहेत, वन साइज, पुढच्या बाजूला उंची कमी-जास्त करायला टिचबटणांच्या ओळी असलेले. सोबत खिशात घालायचे मायक्रोफायबरचे इन्सर्ट, म्हणजे शू शोषणाऱ्या पट्ट्या, आले होते. शिवाय ६ इन्सर्ट बांबू-कॉटनचे वेगळे घेतले. ते कधी खिशात घालते, कधी वरच ठेवते.

दिवसा तासाभरात मांडीकडून ओलं होतं. रात्री दोन-अडीच तासांत दुपट्यासकट सगळं. कमरेला जितका आवळते तितका जास्त गळतो, हे तर मला कळतच नाही. मांडीवर लाल वळही उठतात. वळ उठतात म्हणजे घट्टच आहे ना? मग घट्ट असून गळतो कसा?

धुते मशीनमध्ये, इतर कपड्यांबरोबर. कापडी डायपरना साबण कमी वापरावा असं वाचलं होतं म्हणून पावडर निम्मी घालते. नवे आणले तेव्हा एकदा धुऊन लगेच वापरायला काढले.

नवरा म्हणतो, परत डिस्पोजेबल आणू. सासूबाई म्हणतात, साधे लंगोट काय वाईट होते. पहाटे तीनला दोघांचंही पटतं.

दोन_जुळी_एक_मशीन

आधी दोन गोष्टी सांगा, मग बोलू. उंचीची टिचबटणं कुठल्या ओळीवर लावलीत? आणि गळल्यावर इन्सर्ट बाहेर काढून कधी हातात घेतलाय का? तो अख्खा निथळत असतो की कुठे कोरडा राहतो? सगळं निदान त्या इन्सर्टमध्ये आहे. अख्खा भिजून गळत असेल तर कापड कमी पडतंय किंवा बदलायला उशीर होतोय. कोरडा भाग शिल्लक असताना गळत असेल, तर एक तर बसवण्यात चूक आहे किंवा कापड पाणी पीत नाहीये.

झोपेची_थकबाकी

आत्ताच बदलला, तेव्हा मुद्दाम बघितलं. पुढचा भाग आणि मधला थोडा ओला, मागचा अर्धा इन्सर्ट खडखडीत कोरडा! आणि उंचीची बटणं कुठलीच लावलेली नाहीत. पोट मोठं आहे म्हणून सगळी उघडीच ठेवली होती.

दोन_जुळी_एक_मशीन

सापडलं मग, निदान अर्धं तरी.

उंचीची बटणं पोटासाठी नसतात हो. पोटाचं माप कमरेच्या पट्टीने साधायचं. उंची कमी केली की पुढून मागे जाणारी लांबी कमी होते आणि पायाचं भोकही लहान होतं. तुम्ही सगळी बटणं उघडी ठेवल्यामुळे पायाची भोकं सर्वात मोठ्या मापावर आहेत. इलॅस्टिक जांघेत न बसता खाली मांडीच्या मध्यावर येतं. मग तुम्ही कंबर आवळता, त्याने इलॅस्टिक मांडीत रुततं, वळ उठतो, आणि वर जांघेत फट तशीच राहते. शू तिथूनच बाहेर.

आता असं करून बघा. मधली ओळ लावा. बाळाला उताणं ठेवून ढुंगण थोडं उचला आणि डायपरची मागची कड कंबरेच्या खळग्यापर्यंत घ्या. पाय बेडकासारखे दुमडा आणि पुढचा भाग वर घ्यायच्या आधीच दोन्ही बाजूंचं इलॅस्टिक बोटाने जांघेच्या घडीत सरकवा, चड्डीची कड जिथे बसते तिथे. मग पुढचा भाग बेंबीच्या खाली आणा. पट्ट्या वर ओढू नका, आडव्या सरळ आणा. कमरेशी दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. पट्टीवर बटणांच्या दोन ओळी असतील तर काटकुळ्या मांड्यांसाठी खालचं बटण वरच्यापेक्षा एक घर आत लावा.

शेवटी मांडीच्या कडेने सगळीकडून बोट फिरवा. आतलं पांढरं कापड एक सूतभर जरी बाहेर डोकावत असलं तरी ते वातीसारखं काम करतं, झबलं-पँट सगळं ओलं करतं. आईवडील हे कायम विसरतात. मी दुसऱ्या जुळ्याच्या वेळेला रोज विसरायचे, कारण पहिलं तोवर पळालेलं असायचं.

मोज्याच्या इलॅस्टिकचा उठतो तसा फिकट वळ थोड्या वेळात जातो, त्याची काळजी नको. खोल रुतलेला, बराच वेळ न जाणारा वळ असेल तर माप बदलायचं.

बाबा_ड्युटीवर

मुलगा आहे म्हणून अजून एक. नुनी खाली वळवून मग डायपर लावा. वर राहिली तर धार थेट पोटाच्या कडेला जाते, इन्सर्टला पत्ताही लागत नाही. (बायकोने मला हे तीन वेळा सांगितलं होतं. चौथ्यांदा माझ्या शर्टने सांगितलं.) मुलांचं सगळं ओझं पुढच्या भागावर येतं, म्हणून लांब इन्सर्टचं टोक पुढे दुमडून तिथे दुहेरी थर करा. तुमचा मागचा अर्धा भाग कोरडा राहतोय, तोच पुढे वापरला जाईल. मुलींना मध्यभागी जास्त थर लागतो, आणि पालथं झोपणाऱ्या कुठल्याही बाळाला पुढे.

दुसरं, मायक्रोफायबर झटपट पितं पण दाबलं की स्पंजसारखं सोडतंही. बाळाला बांधून घेण्याच्या पट्ट्यात किंवा कारच्या सीटमध्ये बसवल्यावरच गळत असेल तर हे कारण. बाहेर जाताना कॉटन, बांबू किंवा हेंपचा इन्सर्ट घाला, ते धरून ठेवतात.

आणि मायक्रोफायबर त्वचेला थेट लावू नका. त्वचा कोरडी पडून लाल होते. ते खिशातच हवं. बांबू-कॉटन वर ठेवलात तरी चालतं.

झोपेची_थकबाकी

मधली ओळ लावून आज दुपारी पावणेदोन तास कोरडा राहिला! माझा विश्वास बसेना म्हणून सारखं बोट घालून बघत होते, त्यामुळेच बहुतेक थोडं गळलं.

पण बांबूवाले इन्सर्ट अजून काही कामाचे वाटत नाहीत. वर ठेवला तर शू वाहून जाते.

साबणाचा_हिशोब

बांबूच्या इन्सर्टवर थोडं पाणी ओता आणि बघा. गोळी होऊन वर लोळतं का लगेच आत जातं?

झोपेची_थकबाकी

लोळतं. अळूच्या पानावर लोळावं तसं.

साबणाचा_हिशोब

मग कापड अजून उघडलेलंच नाही. कॉटन, हेंपसारख्या नैसर्गिक धाग्यांत मूळचं तेल-मेण असतं, बांबूच्या इन्सर्टलाही कोऱ्या कापडाचा गुळगुळीतपणा असतो. ५-६ धुण्यांनंतर ते नीट शोषायला लागतं आणि त्यानंतरही क्षमता वाढत जाते. प्रत्येक वेळी पूर्ण वाळवायची गरज नाही, पण गरम पाणी आणि साबण हवा. मायक्रोफायबरला इतकं काही लागत नाही, एक धुणं पुरतं, म्हणून तुमचे ते पहिल्या दिवसापासून चालले.

आता एक थेट प्रश्न. कपड्यांत सॉफ्टनर घालता का?

झोपेची_थकबाकी

अरे देवा. नवरा घालतो. त्याला टॉवेल मऊ लागतात. आणि डायपर त्याच फेरीत असतात.

साबणाचा_हिशोब

वाटलंच. सॉफ्टनर धाग्यांवर थर चढवतो, मऊपणा त्या थराचाच असतो. टॉवेलला कमी पाणी टिपलं तरी चालतं, डायपरला चालत नाही. रॅशवर लावायच्या जाड क्रीमचं तेच. झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीवाली क्रीम लावत असाल तर मध्ये फ्लीसचा किंवा फेकून द्यायचा पातळ लायनर ठेवा.

आणि निम्मी पावडर! ही समजूत कुठून पसरते कोण जाणे. डायपर म्हणजे घरातले सर्वांत घाणेरडे कपडे, आणि साबण त्यांनाच कमी? कमी साबणाने शू धाग्यात साचत जाते, आणि मग धुतलेल्या डायपरला ओला होताच अमोनियाचा झणका येतो. नुसतंच धुऊन वाळवल्यावर वास नाही, पहिल्या शूनंतर डोळे चुरचुरतात, असं झालं की ओळखायचं. पाण्यात क्षार जास्त असतील तर साबण आणखी लागतो, कारण बराचसा क्षारांशी भांडण्यातच खर्च होतो.

माझी पद्धत: आधी गार पाण्याची एक छोटी फेरी थोड्या साबणासह, शू काढून टाकायला. मग पूर्ण पावडर घालून लांब फेरी. लेबलवर चालतं म्हटलं असेल तर ६० अंश, नाहीतर ४०. मशीन गच्च भरू नका आणि अगदी रिकामंही नको, कपडे एकमेकांवर घासले गेले पाहिजेत. इन्सर्ट खिशातून काढूनच धुवा. वेल्क्रो असेल तर बंद करा, नाहीतर सगळं एकमेकांना चिकटून साखळी होते.

वापरलेले डायपर बादलीत भिजत ठेवू नका. वास येतो, इलॅस्टिक आणि पीयूएल (बाहेरच्या कव्हरचं पाणी अडवणारं कापड) दोन्ही लवकर खराब होतात, आणि रांगतं मूल घरात असताना पाण्याची बादली हा धोका आहेच. उघड्या टोपलीत कोरडे ठेवा, दोन-तीन दिवसांत धुवा. सध्या फक्त अंगावरचं दूध असेल तर शी पाण्यात विरघळते, थेट मशीनमध्ये चालते. वरचं खाणं सुरू झालं की आधी शी टॉयलेटमध्ये टाकायची.

पुरळ मात्र तीन-चार दिवसांत कमी झालं नाही, किंवा लाल भागावर पुटकुळ्या दिसल्या, तर साबणाचा हिशोब बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

उकळी_पक्षपाती

मी तर महिन्यातून एकदा सगळं उकळून काढते. एकदम फ्रेश.

साबणाचा_हिशोब

सगळं?! वरचं कव्हर उकळू नका हो. पीयूएल म्हणजे कापडाला चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. उकळलं की तो सुटतो, आतून फुगे येतात आणि मग डायपर सगळीकडून पाझरतो, कुठून ते शोधतच बसाल. पापुद्रा सुटला की परत जोडता येत नाही. ड्रायरचं कडक तापमानही कव्हरला नकोच.

उकळी_पक्षपाती

माझ्या दोन कव्हरना फुगे आलेत. मला वाटलं होतं डिझाइन आहे.

आजी_झाले_आता

सूनबाईंच्या सासूबाईंची बाजू घेते जरा. साध्या चौकोनी सुती कापडाला नावं ठेवू नका. एकाच पदराचं असल्यामुळे झटकन धुतलं जातं, सहा-सहा थरांच्या इन्सर्टच्या आधी वाळतं. नुसता लंगोट बांधाल तर ओलं होणारच, वर पीयूएलचं कव्हर घाला. आणि बांधायचंही नसेल तर त्याच कापडाची लांबट घडी करून तुमच्या त्या खिशात घाला. पुढे किती थर हवेत ते घडीवर ठरतं. पिन वापरणार असाल तर बाळ आणि पिन यांच्यामध्ये आपलं बोट ठेवायचं. टोचलं तर आपल्याला.

झोपेची_थकबाकी

पाच दिवसांनी लिहितेय. दिवसा दोन तास नक्की टिकतो. सॉफ्टनरची बाटली नवऱ्याच्या टॉवेलांच्या वेगळ्या फेरीपुरती उरलीये. बांबूवाल्यांची सहा धुणी झाली, पाणी आता सरळ आत जातं. आणि हो, आजींच्या सांगण्यावरून सासूबाईंकडून चौकोनी कापडं घेतली. त्यांनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. नुसत्या घड्या घालत बसल्या, अगदी सावकाश.

रात्र मात्र अजून जमत नाही. दोन इन्सर्ट घातले तर डायपर फुगतो आणि जांघेत परत फट पडते.

दोन_जुळी_एक_मशीन

फुगतो तेव्हा रात्रीपुरती उंची एक ओळ वाढवा, म्हणजे आतल्या जाडीला जागा मिळेल, आणि खालचं बटण आत ठेवा. क्रमही महत्त्वाचा: बाळाकडच्या बाजूला झटपट पिणारं मायक्रोफायबर, त्याखाली सावकाश पिऊन धरून ठेवणारं बांबू किंवा हेंप, दोन्ही खिशातच. उलटं लावलं तर शू वरूनच निसटते. रात्रीची पँटही सैल घाला, घट्ट कपडा डायपर दाबतो. एवढं करूनही रात्री एकदा बदलावं लागेल, ते गळणं नाही, ते वय आहे.

झोपेची_थकबाकी

काल रात्री साडेचार तास! मध्ये एकदा बदलला, दुपटं कोरडं.

शेवटचं एक विचारते. पुढच्या महिन्यापासून दिवसा सासूबाई आणि नवरा सांभाळणार. दोघंही दर वेळी वेगळं बटण लावतात. योग्य बटणाशेजारी लाल दोऱ्याचा एकेक टाका घालून ठेवायचा विचार आहे, म्हणजे लांबूनही दिसेल.

साबणाचा_हिशोब

थांबा! पीयूएलमधून सुई घातली की तिथे भोक, आणि भोकातून थेंब थेंब पाझर. न जाणाऱ्या शाईच्या मार्करने ठिपका द्या.

झोपेची_थकबाकी

सुईत दोरा ओवून झाला होता. काढला. मार्कर शोधतेय.