निर्वाह वेतन सक्तीचं झालं तर खान्देशात काम कमी होईल का? हिशेब हवा

चोपडा_हिशेबनीस
घटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतन (माणसासारखं जगता येईल इतकी मजुरी) आहे, पण सक्ती फक्त किमान वेतनाची. समजा उद्या निर्वाह वेतनच सक्तीचं झालं आणि दिवसाचा रोज ४०० चा ६०० झाला. जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं), कापूस वेचणी, केळी या कामांत बोजा कोणावर बसेल? काम खरंच घटेल का? आणि मुळात हा आकडा काढायचा कसा? नुसतं "महागाई वाढेल" असं उत्तर नको.

गिरणाकाठ
आधी आकडा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचं सूत्र असं: घरात तीन उपभोग एककं, म्हणजे एका प्रौढाच्या गरजेची मापं (नवरा १, बायको ०.८, दोन मुलं १.२), प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चाला एकूण वेतनाचे २० टक्के. रेप्टाकोस ब्रेट खटल्यात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्न, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं.

गफलत इथेच होते. हे २० आणि २५ टक्के एकूण वेतनाचे आहेत, अन्न-कापडाच्या बेरजेवर चढवायचे नाहीत. उदाहरणापुरतं अन्न एककी रोज ८० रुपये धरा: महिन्याला ७,२००. कापड ७२ वार म्हणजे ६६ मीटर, मीटरला १५० प्रमाणे महिन्याला ८२५. त्यावर १० टक्के भाडं, ८०३. बेरीज ८,८२८. हिला १.४५ ने गुणलं तर १२,८०० येतात, रोज ४९२. २० आणि २५ वजा जाता ही बेरीज एकूण वेतनाच्या ५५ टक्केच असते, म्हणून बरोबर रीत ०.५५ ने भागण्याची: १६,०५०, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ६१७. एका चुकीत मजुराचे रोजचे १२५ रुपये जातात. शिवाय ८०३ रुपयांत जळगाव-धुळ्यात कुटुंबाला धड खोली मिळत नाही. त्याच निकालात न्यायालयाने म्हटलंय की या घटकांचं वेतन म्हणजे फक्त तग धरण्यापुरतं किमान वेतन. निर्वाह वेतन त्याच्याही वर.

जिन_आणि_प्रेस
रुईच्या १७० किलोच्या एका गठाणीला ३४ टक्के उतारा (कापसातून निघणारी रुई) धरून ५ क्विंटल कापूस लागतो. २०२५-२६ च्या मध्यम धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे ७,७१० ने, कच्चा माल ३८,५५० चा. रोज १०० गठाणी आणि ४० माणसं धरा. माणशी २०० वाढले की ८,०००. त्यावर मालकाचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १३, ईएसआय (कामगार विमा) ३.२५ आणि बोनस ८.३३ टक्के चढवला की जवळपास १०,०००. गठाणीमागे १०० रुपये, कच्च्या मालाच्या पाव टक्का. उतारा अर्धा टक्का घसरला तर सरकीचे पैसे वजा करूनही यापेक्षा जास्त जातात. तेव्हा मजुरीने जिन बंद पडेल हे मला पटत नाही.

एक खाच मात्र आहे. ६०० × २६ = १५,६००. पीएफची १५,००० ची मर्यादा ओलांडली की नव्याने लागलेला कामगार पीएफबाहेर ठेवता येतो. निर्वाह वेतन आणताना ही मर्यादा वर नेली नाही, तर पगार वाढतो आणि म्हातारपणची सोय जाते.

वेचणीचं गणित कठीण आहे. दिवसाला ४० किलो धरले तर ६०० साठी किलोचा दर १० वरून १५ करावा लागेल. क्विंटलमागे ५०० वाढले, भावाच्या साडेसहा टक्के. शेतकरी हे पुढे ढकलू शकत नाही. हमीभावात मजुरी धरतात, पण देशभरच्या खर्चाच्या सरासरीने. खान्देशातली वाढ त्यात पातळ होते. यंत्राने वेचणी होत नाही, कारण आपल्याकडे बोंडं तीन-चार वेचण्यांत फुटतात आणि वावरं लहान. मग शेतकरी पीकच बदलतो: कापसाऐवजी मका. खरं काम घटतं ते इथे. म्हणून वेतन वाढवताना भावाची हमीही द्यायलाच हवी. केळीला तर हमीभावही नाही. बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा बोर्ड (जाहीर दर) निघेल तो भाव.

तापीपार
पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत एप्रिल १९९२ मध्ये तासाचं किमान वेतन ४.२५ डॉलरचं ५.०५ झालं, कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, फास्ट-फूड दुकानांत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. सिएटलमध्ये २०१६ ला किमान वेतन १३ डॉलरपर्यंत गेलं तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला कमी पगाराच्या कामांचे तास सुमारे ९ टक्के घटलेले दिसले. म्हणून माणसं मोजू नका, तास आणि हजेरी मोजा.

मजुराला एकच गिऱ्हाईक असेल तर वेतन वाढूनही काम घटेलच असं नाही, कारण आधीची मजुरीच दाबलेली असते. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या मजुरांच्या टोळीची हीच स्थिती.

साक्री_पश्चिम
बरोबर दादा. पण ६१७ चा हिशेब वर्षभर काम मिळेल असं धरून आहे. १८० दिवसच काम मिळालं तर वर्षाचे १,११,०६०, महिन्याला ९,२५५. रोजाचा दर वाढूनही घर भागत नाही. उसाच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. तिथे दोघांना दोन वेतनं लिहिली नाहीत, तर एकाचंच दोघांत वाटलं जातं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरणाऱ्या सालदाराची, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याची, वार्षिक रक्कम ३६५ ने भागून बघा, कायद्याच्या किती खाली आहे ते लगेच कळतं.

चोपडा_हिशेबनीस
वेचणीला तर किलोचा दर. तिथे रोजाचं वेतन लागू कसं करायचं भाऊ?

साक्री_पश्चिम
२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्या कलम १२ प्रमाणे नगावर काम असलं आणि नगाचा किमान दर ठरलेला नसला, तरी वेळेच्या किमान वेतनाखाली देता येत नाही. म्हणून एकच दर ठेवू नका. ६०० च्या हिशेबाने पहिल्या वेचणीत ५० किलो होत असतील तर १२ रुपये, शेवटच्या वेचणीत २० किलोच होतात तर ३० रुपये. रोजचं वजन मजुराच्या नावाने वहीत लिहा आणि त्याची चिठ्ठी त्याला द्या. बाईचं वजन नवऱ्याच्या नावावर टाकू नका. कमी दिलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि भरपाई दहापटीपर्यंत लागू शकते. त्या दाव्यात मजुराच्या हातात ती चिठ्ठीच असते.