रंग नको, इंजिन फिरवून दाखवा

दुरुस्ती अर्धवट राहिलेली जुनी गाडी विकण्याआधी निदान रंग तरी मारून घ्या, असं काहीजण सुचवतात ते मला अजिबात पटत नाही. अर्धवट गाडीवर ताजा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक आधी खिशातून लोहचुंबक काढतं. पुट्टी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप) जाड असेल तिथे ते धड चिकटत नाही, आणि मग बाकीच्या चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो. उघडा पत्रा आणि वेल्डिंगचे फोटो पुरे.

त्यापेक्षा इंजिन जाम नाही हे दाखवा. स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, आणि गिऱ्हाइकासमोरच क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून हाताने सावकाश फिरवा. माझा सौदा खरा जमला तो यावरच! आणि हो, चेसिस नंबर कागदांशी जुळतोय ना, ते जाहिरात टाकण्याआधीच ताडून बघा.